मेरेपेकाच्या नकाशातली भिंत

आमच्या नव्या इमारतीवर एका मासिकात लेख आला. त्यात लाकडाबद्दल लिहिलं होतं, पावसाच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं होतं, हाताने उघडणाऱ्या खिडक्यांबद्दल तर फारच लिहिलं होतं. लिहिणारा ऑकलंडहून विमानाने आला, फिरला, फोटो काढले आणि जेवायला न थांबता गेला. शेवटी त्याने एक शेरा मारला : जिना चढून वर आल्यावर समोर, जिथून समुद्राचा वारा सरळ आत आला असता, नेमक्या तिथे सलग लाकडी भिंत का आहे हे कळत नाही. एवढ्या विचारपूर्वक केलेल्या आराखड्यात तेवढी एक चूक राहिली आहे.

कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही, म्हणून मी सांगते. आणि मेरेपेकाबद्दलही सांगते, कारण ती भिंत वेगळी आणि ती बाई वेगळी असं करून सांगता येत नाही.

मेरेपेका हाएरेवा तोकोमारूची. आमच्या गिझबोर्नहून किनाऱ्याने वर गेलं की लागतं ते गाव. वडील रस्त्याच्या कामावर. घर लाकडी, खाली ओल, वर पत्रा. हिवाळ्यात खिडकीच्या चौकटीवर काळी बुरशी धरायची आणि आई ती व्हिनेगरने पुसायची, आठवड्याने पुन्हा धरायची. मेरेपेकाच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेली बहीण आरिहिया. तिला जन्मापासून दमा. आई म्हणायची खिडकी उघडा, पोरीला हवा हवी. वडील म्हणायचे खिडकी लावा, पोरीला गारठा लागेल. दोघांचंही बरोबर होतं, हे मेरेपेकाला फार पुढे, कॉलेजात गेल्यावर कळलं. घर नीट बांधलेलं नसलं की आई-वडील आयुष्यभर भांडतात आणि दोघंही बरोबर असतात, असं ती म्हणायची.

ती ऑकलंडला जाऊन वास्तुकलेची पदवी घेऊन आली. तिकडच्या एका मोठ्या ऑफिसात काही वर्षं गाड्या ठेवायच्या इमारतींचे नकाशे काढले. तिथे एक नवराही केला. तो पुढे ऑस्ट्रेलियात खाणीवर गेला आणि तिकडेच रमला. त्याच्याबद्दल ती एवढंच सांगायची की चांगला माणूस होता, फक्त इथे नव्हता. मग ती परत आली. आमच्या गावात तिने दवाखान्यांचे नकाशे काढले, शाळांच्या स्वच्छतागृहांचे काढले, गाईंच्या गोठ्यांचे काढले. तिच्या गोठ्यातल्या गाई बऱ्याच माणसांपेक्षा चांगल्या हवेत राहतात. हे मी थट्टेने म्हणत नाही.

आमची कंपनी मधाची. मानुकाच्या झुडपांवरचा मध जखमांवर लावायला दवाखान्यांत जाऊ लागला तशी कंपनी वाढत गेली. मी तिथे प्रयोगशाळा सांभाळत होते. कंपनी काढली ती कोका मातेरोआच्या नवऱ्याने. कोका म्हणजे आमच्या किनाऱ्यावर आई-मावशीच्या वयाची कोणतीही बाई. मातेरोआ सगळ्या कंपनीचीच कोका होती. नवरा गेल्यावर कारभार मुलगा एरुएरा बघू लागला, म्हणजे कोका सांगेल ते करू लागला.

तेव्हा आमचं ऑफिस जुन्या मांसाच्या कारखान्याच्या कचेरीत होतं. विटांची इमारत, नदीच्या कडेला. खिडक्या रंगाचे थर बसून कायमच्या बंद झालेल्या. माणसं वाढली तशा आम्ही आडव्या-उभ्या फळ्या घालून खोल्या पाडल्या. हिवाळ्यात एकजण खोकायला लागला की सगळी कचेरी खोकायची. आरिहिया तिथे मागच्या खोलीत माल पाठवण्याच्या कामावर होती. मोठ्याने हसायची, खोक्यांवर पत्ते लिहिताना गायची. जुलैतल्या, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका सकाळी तिला त्या खोलीत दम्याचा झटका आला. औषधाचा पंप कोटात आणि कोट दुसऱ्या खोलीत. पंप आणेपर्यंत, रुग्णवाहिका येईपर्यंत उशीर झाला. चाळिशीही झालेली नव्हती.

तिची तांगी, म्हणजे शेवटचा निरोप, तोकोमारूला झाली. आम्ही सगळे गेलो. मेरेपेका शवपेटीच्या उशाशी बसून होती. नंतर आमच्या कचेरीत तिने पाऊल टाकलं नाही. रस्त्यावर भेटली तर बोलायची, कॉफी प्यायची, पण ती नदीकडची गल्ली टाळून लांबून जायची.

आता भिंतीचं सांगते. माओरी सभागृहात मेलेल्यांचे फोटो भिंतीवर असतात. ती माणसं तिथेच असतात, त्यांना नमस्कार होतो, त्यांच्याशी बोलणं होतं. आमच्या कचेरीत कोकाने पहिला नवऱ्याचा फोटो लावला, दारातून आत आलं की समोर. मग एकेक करत बाकीचे आले : जुना मधपाळ, गाडी उलटून गेलेला चालक, हिशेबातली बाई. आरिहियाचा शेवटी लागला. जिवंत माणसाचा फोटो त्या भिंतीवर चालत नाही. तो मरणाला दिलेला सांगावा मानतात. आमच्या विक्री विभागातल्या ब्राइसने एकदा मोठा मासा धरलेला स्वतःचा फोटो तिथे टांगला. कोकाने तो स्वतः खाली उतरवला आणि त्याच्या हातात दिला.

"एवढी घाई असेल तर सांग," ती म्हणाली. "जागा धरून ठेवते."

"कोका, मासा बघा ना केवढा होता."

"माशाचा लावते. तो मेलाय."

नवी इमारत बांधायची ठरली तेव्हा एरुएराच्या मनात वेलिंग्टनची कोणी मोठी मंडळी होती. कोका म्हणाली, मेरेपेकाला विचार. एरुएरा म्हणाला, ती इथे पायसुद्धा ठेवत नाही, आई. कोका म्हणाली, म्हणूनच विचार.

मेरेपेकाने विचार करायला बराच वेळ घेतला. मग माझ्याकडे आली आणि खिशातून एक छोटं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. हवा किती जुनी झाली आहे, म्हणजे माणसांनी किती वेळा आतबाहेर केली आहे, ते दाखवणारं.

"इझी, हे तुमच्या कचेरीत ठेव. प्रत्येक खोलीत. मला आकडे आणून दे."

"तू ये की."

"मी येणार नाही. तू दे."

मी यंत्र घेऊन हिंडले. ब्राइसच्या बैठकीत आकडा सगळ्यात वर गेला. मेरेपेकाला सांगितलं तर ती खूप दिवसांनी हसली. पण मागच्या खोलीचा आकडा पाहून तिने कागद पालथा ठेवला आणि म्हणाली, "काम घेते. एरुएराला सांग."

त्यानंतरची दोन वर्षं मी तिला जवळून पाहिलं, कारण कंपनीतर्फे तिच्याबरोबर बसायचं काम माझ्याकडे होतं. अशी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि आरशात तर मी रोज एक पाहते. सांगाडा लाकडाचा, भिंतींत मेंढीची लोकर. गालिचे चिकटवायचे नाहीत, डिंकाचा वास माणसाच्या छातीत जातो. रंग असा की ओला असताना नाक लावलं तरी डोकं दुखू नये. कोणाचंही टेबल खिडकीपासून लांब नाही, साहेबाचंही नाही, म्हणजे साहेबाला वेगळी खोलीच नाही. एरुएरा तेव्हा जरा कुरकुरला.

"मी फोनवर कुठे बोलायचं?"

"बाहेर. चालत बोल. तुझं पोटही कमी होईल."

"आई, ही काय म्हणते ऐकतेस का?"

"ऐकते," कोका म्हणाली. "पोटाचं मीही कधीची म्हणतेय."

जिना मधोमध, रुंद, उजेडात, चढावासा वाटेल असा. पण लिफ्टही त्याच्या शेजारीच, मागे दडवलेली नाही. ज्याचा गुडघा गेला आहे त्याने चोरासारखं का जावं? आणि जिन्याच्या डोक्याशी पूर्वेला एक उंच खिडकी. दुपारी खाडीवरून वारा येतो तो त्या खिडकीतून आत शिरणार, सगळ्या मजल्यावरून फिरणार आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पडणार. सगळा आराखडा तिने त्या खिडकीपासून सुरू केला होता. ती दाखवताना तिचा आवाज बदलायचा. कोणासाठी काढली आहे ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

रीतभातही तिने सगळी सांभाळली होती. स्वच्छतागृहाची भिंत स्वयंपाकघराला लागू नये, बसायची उशी जेवणाच्या टेबलावर जाऊ नये, भांड्यांची फडकी आणि बाकीची फडकी वेगळी धुवायची सोय. जेवणाची खोली इमारतीच्या पोटात, एकच लांब टेबल, म्हणजे लोक कामाच्या जागेवर बसून एकटे जेवणार नाहीत.

आराखडा पक्का झाल्यावर तिने पुठ्ठ्याची प्रतिकृती करून आणली. जुन्या कचेरीत ती येणार नव्हती म्हणून आम्ही चर्चच्या सभागृहात जमलो. चहा होता, तळलेला पाव होता, मध तर होताच. लोक वाकून वाकून आपापली खिडकी शोधत होते. कोका मातेरोआने काठी टेकत प्रतिकृतीभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी मारली.

"सुंदर आहे, पोरी," ती म्हणाली. "सगळीकडे काच, सगळीकडे हवा. आता मला एक सांग. यांना कुठे टांगायचं?"

कोणाला, असं कोणी विचारलं नाही. सगळे पुन्हा वाकले, या वेळी भिंत शोधायला. बाहेरच्या बाजूला खिडक्या, आत नुसते खांब. सलग भिंती दोनच होत्या, एक जेवणाच्या खोलीत आणि एक स्वच्छतागृहाची. मेलेल्यांसमोर अन्न खात नाहीत. दुसरीबद्दल बोलायलाच नको.

मेरेपेका म्हणाली, "राहून गेलं, कोका."

बोलून ती खाली बघत राहिली. ज्या बाईला भांड्यांची फडकी आठवली तिच्याकडून हे राहून गेलं, यावर तिथे कोणाचा विश्वास बसला असेल तर ब्राइसचा. माल पाठवणाऱ्या पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांतली तिपोका, आरिहियाच्या शेजारी काम करणारी, हातातला कप तसाच ठेवून बाहेर गेली. जाताना दारात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "स्वतःच्या बहिणीला बाहेर ठेवलं."

पुढचे काही आठवडे वाईट गेले. एरुएराने तोडगा काढला की दारात टीव्हीसारखा मोठा पडदा लावू, त्यावर सगळ्यांचे फोटो एकामागून एक येतील.

"आणि मधून मधाची जाहिरात," कोका म्हणाली.

"तसं नाही गं आई."

"तुझ्या बापाला मी गोल गोल फिरू देणार नाही. त्याला गाडीतसुद्धा मळमळायचं."

मग कोकाने शांतपणे सांगितलं की जुनी इमारत पाडणार आहेत, नवीत जागा नाही, तर प्रत्येक घराने आपापलं माणूस घरी न्यावं. आणि फोटो गेले की मीही घरी जाईन, नव्या इमारतीत मला काही काम नाही. तिने धमकी दिली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. कोका गेली तर तिच्यामागे निम्मी माणसं मनाने गेली असती. तेवढ्या उजेडाचं आणि वाऱ्याचं मग काय करायचं?

मी मेरेपेकाच्या घरी गेले. ती अंगणात आमच्याकडच्या त्या उंच पात्यांच्या झुडपाची, हाराकेकेची, वाळलेली पानं कापत होती. नव्या इमारतीभोवती तीच झुडपं लावायची होती, पावसाचं पाणी जिरवायला.

"राहून गेलं असं तू म्हणालीस," मी म्हटलं. "मला ते सांगू नकोस."

ती कापत राहिली. मग म्हणाली, "ती तिथे मेली, इझी. तुमच्या कंपनीत, कामावर असताना. आणि तुम्ही तिला रोज दारात उभं केलं. आता नव्या ठिकाणी पण कामावर बोलवायचं? मी ही इमारत श्वास घेणाऱ्यांसाठी काढली. तिला त्यात कशाला आणायचं? सुटली ना ती."

"मग लोकांना असं सांग."

"सांगू काय? की माझी बहीण मला तुमच्यात बघवत नाही?"

मी चहा मागितला.

फोटो उतरवायचा दिवस आला. कुटुंबं सकाळपासून येत होती, आपापला माणूस पांघरुणात गुंडाळून नेत होती. आरिहियाला न्यायला आई-वडील उरले नव्हते. मेरेपेकाच होती. ती दुपारी आली. गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ थांबली, मग काळ्या कपड्यांत सरळ चालत दारातून आत शिरली. तांगीनंतर पहिल्यांदाच.

मी आतल्या खोलीच्या दारात होते. मेरेपेका भिंतीजवळ पोचण्याआधी तिपोका तिथे होती, पाठमोरी. तिच्या हातात फडकं होतं आणि ती आरिहियाच्या फोटोची काच पुसत होती, रोज पुसते तशी. पुसता पुसता बोलत होती.

"नेपियरची खोकी आजही उशिरा गेली बघ. तो नवा पोरगा पत्ता वाचतच नाही. तू असतीस तर कान उपटला असतास. आणि ऐक, बाहेर गारठा आहे. तुझी बहीण येणार आहे न्यायला, तिला म्हणावं हळू चालव गाडी, वळणं आहेत. घरी गेलीस की पडून राहा. आम्ही येऊ भेटायला."

मग ती वळली. मेरेपेकाला पाहून ओशाळली नाही, रागावलेलीच होती. "तुझी आहे," ती म्हणाली. "घेऊन जा. पण ती इथे कामाला नव्हती, कळलं ना? काम आम्ही करत होतो. ती आमच्यात होती."

मेरेपेकाने फोटो उतरवला, छातीशी धरला. मग तिने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. भिंतीवर फोटोच्या मागे तेवढा एक चौकोन कोरडा आणि पांढरा राहिला होता. आजूबाजूला सगळी ओल. बाहेर आल्यावर तिने नळावर हात धुतले, जसे थडग्यांकडून परत येताना धुतात, आणि फोटो गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून, त्याला पट्टा बांधून ती गेली.

नवा नकाशा तिने कोकाच्या घरी आणला. एरुएरा होता, मी होते. तिने कागद पसरला आणि जिन्याच्या डोक्याशी बोट ठेवलं. उंच खिडकी गेली होती. तिथे भिंत होती, जमिनीपासून छतापर्यंत, तोतारा लाकडाची.

कोका बघत राहिली. "ही तर तुझी वाऱ्याची खिडकी."

"हो."

"मी भिंत मागितली, पोरी. तुझी खिडकी नव्हती मागितली. दुसरीकडे कुठे कर."

"दुसरीकडे जागा नाही. खाली दारात लोक घाईत असतात, कोट झटकत असतात. जिना चढला की माणूस इथे थांबतो, कोका. दम घ्यायला थांबतोच. थांबल्यावर समोर कोणीतरी असावं."

"आणि हवा?" एरुएराने विचारलं. "आकड्यांचं काय?"

"आकडा थोडा वर जाईल. बाजूला दोन लहान खिडक्या दिल्यात, पण त्या मोठ्या खिडकीची बरोबरी करणार नाहीत. खोटं सांगत नाही. दुपारी वरचा मजला जरा कोंदटेल."

एरुएरा काही बोलणार होता, कोकाने काठी त्याच्या बुटावर ठेवली.

"राहून गेलं नव्हतं," मेरेपेका म्हणाली. कोणाकडे बघून नाही, कागदाकडे बघून.

"माहीत आहे," कोका म्हणाली. "पाव घे."

इमारत पुढच्या शरदात उघडली. आमच्याकडे नव्या घरात पहाट फुटताना शिरतात, आधी मेलेले, मागून जिवंत. कोका मातेरोआने दारात उभं राहून साद घातली. आवाज आता चिरका झाला होता, तरी अंगावर काटा आला. फोटो घेऊन बायका पुढे निघाल्या. पहिला कोकाच्या नवऱ्याचा, नातीच्या हातात. शेवटची मेरेपेका, आरिहियाला दोन्ही हातांनी छातीशी धरून. तिच्या एका बाजूला तिपोका, कोपराला हात लावून. लिफ्ट होती, पण कोणी घेतली नाही. मेरेपेकाचंही वय झालेलं, डोक्याशी पोचेपर्यंत तिला धाप लागली. ती थांबली. जिन्यावरची सगळी रांग तिच्यामागे थांबली. कोणी पुढे हो म्हणालं नाही. वरच्या लहान खिडक्यांतून उजेड येऊ लागला होता. तिचा श्वास जाग्यावर आला, मग तिने बहिणीला भिंतीवर लावलं आणि बाजूला झाली.

मासिकवाल्याचं एक बरोबर आहे. उन्हाळ्यात दुपारी वरचा मजला कोंदटतो. मग लोक जागेवरून उठतात आणि जिन्याशी येऊन उभे राहतात. मालाच्या पोरी आरिहियाला खोक्यांचं सांगतात. ब्राइस तिच्याशी माशांबद्दल बोलतो, तिला कधीच रस नव्हता तरी. कोका गेल्या वर्षी त्या भिंतीवर गेली, नवऱ्याच्या शेजारी. तिची जागा कोणाला धरून ठेवावी लागली नाही.

मेरेपेका अजून कधीमधी खिडक्यांच्या कड्या तपासायला येते. येते ती जिन्यानेच. डोक्याशी थांबते, दम घेते. लोकांसारखी ती तिथे बोलत नाही, तिचा स्वभाव नाही. एकदाच मी मागून चढत होते तेव्हा ऐकलं.

"सगळ्या उघड्या आहेत गं," ती म्हणत होती. "पाहून आले."